बाटलीतली गोळी आणि रक्तातली गोळी : प्रेपबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात एका उत्तरात मी जाता जाता प्रेपचा उल्लेख केला होता, म्हणजे एचआयव्ही नसलेल्या माणसाने तो होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायचं औषध, एवढं एकच वाक्य होतं, पण त्यावर इतकी पत्रं आलीत की अख्खा कॉलम त्यालाच द्यावा लागतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि कुणाची ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय. हे वाचून परस्पर गोळी सुरू करायची नाही हे आधीच सांगून ठेवते, कारण का नाही ते पुढे एका पत्रात येतंच.

डॉक्टर, माझे मिस्टर एचआयव्ही पॉझिटिव्ह आहेत आणि मी निगेटिव्ह. त्यांची औषधं चार वर्षं चालू आहेत, रिपोर्टमध्ये व्हायरस सापडत नाही असं येतं. आम्हाला आता मूल हवंय. नणंद म्हणते तू प्रेप घे, हे म्हणतात काही गरज नाही. मी कोणाचं ऐकू?

ताई, या भांडणात तुमच्या मिस्टरांची बाजू जास्त भक्कम आहे. ज्याचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं व्हायरसचं प्रमाण, औषधाने दबलाय आणि निदान सहा महिने तसाच दबलेला राहिलाय, त्याच्याकडून शरीरसंबंधातून एचआयव्ही जात नाही. हे नुसतं धीर द्यायला म्हणत नाहीये. पार्टनर नावाचा अभ्यास झाला, त्याचा दुसरा भाग २०१९ मध्ये छापून आला, त्यात ७८२ गे जोडपी होती, प्रत्येक जोडीत एक जण औषधावर असलेला पॉझिटिव्ह आणि दुसरा निगेटिव्ह, आणि कंडोमशिवाय झालेले संबंध मोजले तर ७६ हजारांच्या वर. जोडीदाराकडून लागण झालेली एकही केस नाही. १५ जणांना लागण झाली खरी, पण व्हायरसची जनुकं ताडून बघितली तर तो व्हायरस बाहेरून आलेला होता, घरातल्या जोडीदाराचा नव्हता. स्त्री-पुरुष जोडप्यांमध्ये त्याच अभ्यासाच्या पहिल्या भागात हेच दिसलं होतं.

तेव्हा आधी मिस्टरांचा शेवटचा रिपोर्ट काढा आणि दोन गोष्टी बघा, तारीख आणि आकडा. आकड्याच्या जागी कधी "सापडला नाही" लिहिलेलं असतं, कधी २० पेक्षा कमी किंवा ५० पेक्षा कमी असं असतं, घाबरू नका, ते मशिनच्या मोजण्याच्या मर्यादेवर आहे, २०० च्या खाली असेल तरी संबंधांच्या बाबतीत काळजी नसते. तारीख वर्षभर जुनी असेल तर मात्र मूल व्हायचा प्रयत्न सुरू करायच्या आधी एकदा नव्याने टेस्ट करून घ्या.

आता नणंदेची बाजू. औषध नुकतंच सुरू झालंय आणि सहा महिने व्हायचेत, किंवा नवरा मध्येच गोळ्या सोडतो, किंवा रिपोर्ट वर-खाली होतोय, अशा वेळी निगेटिव्ह जोडीदाराने प्रेप घेणं एकदम योग्य. केनिया आणि युगांडामध्ये ४७०० हून जास्त अशा जोडप्यांवर अभ्यास झाला, २०१२ मध्ये छापला, त्यात रोजच्या गोळीने लागण ७५ टक्क्यांनी घटली, आणि हा आकडा गोळ्या चुकवणारे धरून आहे. तुमच्या बाबतीत वैद्यकीय गरज दिसत नाही, पण सगळं कळूनही रात्री मनात धाकधूक राहत असेल आणि त्यामुळे जवळीकच नकोशी होत असेल तर मूल होईपर्यंत प्रेप घ्या की, त्यात काही चुकीचं नाही. गरोदरपणात आणि अंगावर पाजतानाही ही गोळी चालते.

काल रात्री कंडोम फाटला. समोरच्याचं स्टेटस माहीत नाही. प्रेप लगेच सुरू केलं तर चालेल का? प्लीज लवकर उत्तर द्या.

हे पत्र माझ्या हातात आलं तेव्हा वेळ निघून गेली होती, म्हणून हे उत्तर पुढच्या वेळी ज्याच्यावर अशी पाळी येईल त्याच्यासाठी. प्रेप घटनेच्या आधीचं. घटना घडून गेल्यावर लागतं ते पेप, आणि ते ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, त्यातही जितकं लवकर तितकं बरं, म्हणजे सकाळी बघू असं करायचं नाही, मॅगझिनला पत्र तर अजिबात लिहायचं नाही, थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत किंवा एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सेंटरला जायचं आणि लाज बाजूला ठेवून सांगायचं की संबंध आला, संरक्षण फेल झालं, पेप हवंय. त्यात साधारण तीन औषधं असतात आणि कोर्स २८ दिवसांचा, मध्ये सोडायचा नाही. प्रेपच्या दोन औषधांच्या गोळीवर पेपचं काम भागवू नका.

तुम्ही ज्यांनी पत्र लिहिलंत त्यांनी आता ६ आठवड्यांनी एक आणि १२ आठवड्यांनी एक टेस्ट करून घ्या, मधल्या काळात कंडोम वापरा. दोन-चार आठवड्यांत ताप, घसा, अंगावर पुरळ, गाठी असं काही आलं तर सहा आठवड्यांची वाट न बघता जा आणि डॉक्टरांना हा प्रसंग सांगा, नाहीतर व्हायरल म्हणून पॅरासिटामॉल देऊन परत पाठवतील. आणि असं वारंवार होत असेल, दर दोन-तीन महिन्यांनी पेपसाठी धावायची वेळ येत असेल, तर प्रेप तुमच्याचसाठी आहे. पेपचे २८ दिवस संपले, टेस्ट निगेटिव्ह आली की दुसऱ्या दिवसापासून मध्ये खंड न पाडता प्रेप सुरू करता येतं.

मी नेटवर वाचलं तर एका ठिकाणी प्रेप ४४ टक्के काम करतं लिहिलंय, एका ठिकाणी ९९ टक्के, आणि एका अभ्यासात तर काहीच फरक पडला नाही म्हणे. एकाच गोळीचे इतके वेगळे आकडे कसे? मला तर यात गडबड वाटते. – एक शंकेखोर

शंकेखोर, तुमचं पत्र मला सगळ्यात आवडलं, कारण या प्रश्नाच्या उत्तरातच प्रेपचं सगळं मर्म आहे.

आधी गोळी काय करते ते बघू. एचआयव्ही पेशीत शिरला की त्याला स्वतःच्या आरएनएवरून डीएनए तयार करायचा असतो, तो एकेक तुकडा जोडत जातो, माळ ओवल्यासारखा. प्रेपच्या गोळीतलं टेनोफोव्हिर हे त्या तुकड्यांसारखंच दिसतं, पण हा मणी एका बाजूने बुजलेला असतो, तो ओवला गेला की पुढचा मणी जात नाही आणि काम तिथेच अडकतं. सोबतचं एमट्रिसिटाबिन किंवा लॅमिव्ह्यूडिनही तेच करतं. पण यासाठी व्हायरस शिरतो त्या क्षणी औषध पेशीत आधीपासून हजर पाहिजे. गोळी बाटलीत असेल तर ती काहीच करत नाही.

आता तुमचे आकडे. ४४ टक्के हा आयप्रेक्स नावाच्या अभ्यासाचा, २०१० मध्ये छापलेला, सहा देशांत २४९९ जण, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि ट्रान्स बायका. गोळीचा गट आणि बिनऔषधाच्या गोळीचा गट यांची तुलना केली तर लागण ४४ टक्क्यांनी कमी, बरोबर. पण मग त्यांनी साठवून ठेवलेलं रक्त तपासलं की औषध खरंच आहे का, तर ज्यांच्या रक्तात औषध सापडलं त्यांच्यात धोका ९० टक्क्यांहून जास्त घटलेला. म्हणजे ४४ हा आकडा गोळी घेणारे आणि न घेणारे सगळे एकत्र करून आलेला होता.

काहीच फरक पडला नाही तो अभ्यास म्हणजे बहुतेक आफ्रिकेतल्या बायकांवर झालेल्या दोनपैकी एक, फेम-प्रेप किंवा व्हॉइस. फेम-प्रेप तर २०११ मध्ये मधेच थांबवला. बायकांना विचारलं की गोळ्या घेता का, तर ९५ टक्के म्हणाल्या हो, बहुतेक वेळा किंवा नेहमी घेतो, परत आणलेल्या गोळ्या मोजल्या तरी हिशोब जवळजवळ बरोबर. आणि रक्त तपासलं तर निम्म्याहून जास्त जणींच्या रक्तात पुरेसं औषध नाही. व्हॉइसमध्येही तेच, औषध सापडलं ते जेमतेम तीस टक्के नमुन्यांत.

आता यावर बायका खोटं बोलल्या असं म्हणून मोकळं होणं फार सोपं आहे, मला ते पटत नाही. नंतर त्यांच्याशी सविस्तर बोलल्यावर कारणं कळली ती अशी की घरात कुणी बाटली बघितली तर हिला एचआयव्ही झालाय असं समजतील, नवरा काय म्हणेल, आपण ठणठणीत असताना आजाऱ्याची गोळी का घ्यायची, शिवाय ही खरी गोळी आहे की बिनऔषधाची हेही माहीत नाही. औषध नापास झालं नव्हतं, ते त्यांच्या तोंडापर्यंत पोचलंच नव्हतं.

९९ टक्के हा आकडा नीट नियमित घेणाऱ्यांचा, शरीरसंबंधांतून होणाऱ्या लागणीसाठी. इंजेक्शनच्या सुईने नशा करणाऱ्यांमध्ये संरक्षण त्यापेक्षा कमी मिळतं, निदान ७४ टक्के असं धरतात, त्यांना नव्या सुयाही लागतातच. तर गडबड काही नाही, प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

मी गे आहे, वय २६. माझं रोज काही नसतं, महिन्यातून एखादा वीकेंड. त्यासाठी रोज गोळी घ्यायचा कंटाळा येतो. मित्र म्हणतो दोन-एक-एक घे. हे खरंच असतं का? आणि प्लीज मला तू म्हणा.

बरं, तू. हो, खरंच असतं, मित्र बरोबर सांगतोय. फ्रान्स आणि कॅनडात इपरगे नावाचा अभ्यास झाला, त्यात अशा पद्धतीने लागण ८६ टक्क्यांनी घटली, जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ पासून ही पद्धत मान्य केलीये.

समज शनिवारी रात्री दहाच्या सुमारास भेट आहे. तर शनिवारी रात्री आठच्या आत, म्हणजे किमान दोन तास आधी आणि जास्तीत जास्त चोवीस तास आधी, दोन गोळ्या एकदम. समज आठला घेतल्यास, तर रविवारी रात्री आठला एक आणि सोमवारी रात्री आठला एक. रविवारी परत संबंध आला तर रोज एक चालू ठेवायची, शेवटच्या संबंधानंतर दोन दिवस होईपर्यंत. लोक चुकतात ते सोमवारच्या गोळीत, वीकेंड संपला, ऑफिस सुरू झालं, राहूनच जाते, म्हणून अलार्म शनिवारीच तिन्ही दिवसांचे लावून टाक.

पण ही पद्धत कुणाला नाही ते नीट वाच, कारण तू हे मैत्रिणीला सांगशील. योनीमार्गाने संबंध येणाऱ्या बायकांना नाही, इस्ट्रोजेनचे हार्मोन घेणाऱ्या ट्रान्स बायकांना नाही, आणि ज्याला हिपॅटायटिस बी आहे त्यालाही नाही. त्यांनी रोजचीच घ्यायची. गुदाशयाच्या आतल्या अस्तरात टेनोफोव्हिर लवकर आणि भरपूर साठतं, योनीच्या अस्तरात तितकं साठत नाही, म्हणून रोजच्या गोळीचंही असं आहे की गुदमैथुनासाठी साधारण ७ दिवसांत पूर्ण संरक्षण धरतात आणि योनीसंबंधासाठी २१ दिवस, आणि बायकांना गोळी चुकवायला वाव कमी.

आणि टेस्ट रोज घेणाऱ्याइतक्याच, दर तीन महिन्यांनी. सिफिलिस, गोनोरिया, क्लॅमिडिया यांना प्रेप अडवत नाही, त्यांच्यासाठी कंडोम आणि तपासणी. गोनोरिया-क्लॅमिडियासाठी नुसती लघवी देऊन येऊ नकोस, घसा आणि गुदद्वाराचाही स्वॅब दे, तिथला आजार बऱ्याचदा काही त्रास न देता बसलेला असतो.

मित्राकडे एक बाटली जादा होती ती त्याने मला दिली. टेस्ट नंतर करेन म्हणतो, आधी सुरू केली तर काय बिघडतं? औषध तर तेच आहे.

बिघडतं. तुम्हाला आधीच लागण झालेली असेल आणि माहीत नसेल तर ही दोन औषधं व्हायरसला पुरत नाहीत, पूर्ण उपचारात साधारण तीन लागतात, अर्धवट दाबामुळे व्हायरस त्याच औषधांना निर्ढावतो आणि मग खरा उपचार सुरू करायची वेळ येते तेव्हा हातातली स्वस्त सोपी औषधं आधीच वाया गेलेली असतात. म्हणून आधी टेस्ट, आणि तीही कधीची हे महत्त्वाचं. रक्तातली अँटिजेन-अँटिबॉडी दोन्ही बघणारी लॅबची टेस्ट लागणीनंतर १८ ते ४५ दिवसांत पकडते, बोटातून थेंब घेऊन होणारी रॅपिड टेस्ट २३ ते ९० दिवस घेऊ शकते. गेल्या महिन्यात काही धोका झाला असेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. सोबत हिपॅटायटिस बी आणि किडनीसाठी क्रिएटिनिन. मित्राची बाटली मित्राला परत करा, त्याचे दिवस कमी पडतील.

नवरा महिनोन्‌महिने बाहेर असतो. तिकडे काय करतो मला माहीत नाही, विचारलं तर भांडण. कंडोम म्हटलं की माझ्यावरच संशय घेतो. मी त्याला न सांगता काही घेऊ शकते का?

हो ताई, घेऊ शकता. शरीर तुमचं, औषध तुमचं, परवानगी कुणाची लागत नाही. प्रेप ज्यांना सगळ्यात जास्त उपयोगी पडतं त्यात तुमच्यासारख्या बायका आहेत, ज्यांच्या हातात कंडोमचा निर्णय नसतो.

तुमच्यापुढे रस्ते तीन. पहिला, रोजची गोळी. नवरा यायच्या आधी २१ दिवस सुरू करायची, तो असेपर्यंत रोज, आणि तो गेल्यावर आणखी ७ दिवस तरी. येण्याची तारीख नक्की नसते हे मला कळतं, तसं असेल तर सलगच घ्या. बाटलीवर नाव असतं, हलवली की आवाज येतो, म्हणून बायका गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून ठेवतात, तसं करू नका, ओलाव्याने त्या खराब होतात, बाटलीत जी छोटी पुडी असते ती त्यासाठीच. झाकण घट्ट लागणारी दुसरी छोटी कोरडी डबी घ्या, त्यात ती पुडीही टाका आणि फक्त आठवड्याभराच्या गोळ्या ठेवा, बाकीच्या विश्वासातल्या मैत्रिणीकडे.

दुसरा रस्ता, डॅपिव्हिरिनची रिंग. मऊ सिलिकॉनची, योनीत आपली आपण बसवायची, महिन्याने बदलायची. औषध तिथल्या तिथे राहतं. अभ्यासात संरक्षण साधारण ३० टक्क्यांच्या आसपास दिसलं, म्हणजे गोळी नीट घेण्यापेक्षा बरंच कमी, पण गोळी शक्यच नसेल तर काहीच नसण्यापेक्षा नक्की बरं. तिसरा, इंजेक्शन, घरात डबीही नाही आणि बाटलीही नाही. त्याबद्दल पुढच्या पत्रात.

एक मात्र विचारते, संशय घेतो म्हणता ते नुसतं बोलण्यापुरतं आहे की हात उगारतो? तसं असेल तर सेंटरमधल्या समुपदेशक बाईंना हेही सांगा, त्या नुसत्या गोळ्या द्यायला बसलेल्या नसतात. आणि त्यांना फोन किंवा मेसेज कधी करायचा नाही हेही सांगून ठेवा.

सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन आलंय म्हणे. ही लसच ना?

लस नाही. लस शरीराला लढायला शिकवते, हे औषध स्वतः लढतं आणि संपलं की संपलं. नाव लेनाकापाविर, व्हायरसच्या आतल्या जनुकांभोवती जे प्रथिनांचं कवच असतं त्यावर ते काम करतं. २०२४ मध्ये निकाल आले तेव्हा आमच्या क्षेत्रातल्या लोकांचा विश्वास बसेना. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या तरुण मुली आणि बायका, इंजेक्शनच्या गटात २१३४ जणी, लागण शून्य. त्याच अभ्यासात रोजची जुनी गोळी दिलेल्या १०६८ जणींपैकी १६ जणींना लागण झाली, आणि शंकेखोरांना जे सांगितलं तेच पुन्हा, गोळ्या घेतल्याच जात नव्हत्या. पुरुष आणि ट्रान्स व्यक्तींवरच्या दुसऱ्या अभ्यासात २१७९ पैकी दोघांना लागण झाली. अमेरिकेत जून २०२५ मध्ये मंजुरी मिळाली, पुढच्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली.

प्रत्यक्षात कसं असतं, तर पहिल्या दिवशी पोटाच्या कातडीखाली दोन इंजेक्शनं आणि दोन गोळ्या, दुसऱ्या दिवशी परत दोन गोळ्या, त्या चुकवायच्या नाहीत कारण औषधाची पातळी पटकन वर न्यायचं काम त्या करतात. मग २६ आठवड्यांनी पुढची इंजेक्शनं, दोन आठवडे इकडे-तिकडे चालतं. टोचलं तिथे कातडीखाली छोटी गाठ होते, बोटाने चाचपली तर लागते, कधी थोडी दुखते, बऱ्याचदा बाहेरून दिसतही नाही. औषधाचा साठा तिथेच असतो आणि तिथून ते हळूहळू रक्तात जातं, म्हणून ती गाठ चोळायची नाही आणि शेकायची नाही. हळूहळू ती जिरते.

याआधीचं कॅबोटेग्राविर हेही इंजेक्शन आहे, ते कुल्ल्यात घ्यायचं, पहिली दोन महिन्याच्या अंतराने आणि मग दर दोन महिन्यांनी. रोजच्या गोळीशी तुलना केली तर बायकांमध्ये त्याने लागण जवळजवळ ८९ टक्क्यांनी कमी झाली. दोन्ही इंजेक्शनांचा एक तोटा असा की सोडल्यावर औषध महिनोन्‌महिने, कधी वर्षाहून जास्त, थोडं थोडं अंगात उरतं, संरक्षणाला पुरत नाही पण त्या काळात लागण झाली तर व्हायरस निर्ढावू शकतो, म्हणून सोडायचं असेल आणि धोका चालूच असेल तर मध्ये गोळी घ्यायची. टीबीची रिफॅम्पिसिन चालू असेल तर तेही आधी सांगा, त्याने या इंजेक्शनांचा असर खूप उतरतो.

मुलाच्या बॅगेत गोळ्यांची बाटली सापडली, नाव शोधलं तर एचआयव्हीचं औषध निघालं. तो २२ वर्षांचा आहे. त्याला एड्स झालाय का? मला झोप नाही. – एक आई

ताई, बाटलीवरून ते कुणालाच सांगता येणार नाही. टेनोफोव्हिर उपचारातही असतं, प्रेपमध्येही असतं आणि हिपॅटायटिस बी वरही देतात. प्रेप असेल तर मुलगा स्वतःची काळजी घेतोय, टेस्ट करतोय, डॉक्टरकडे जातोय, असा त्याचा अर्थ. उपचार असेल तरी आज नियमित औषध घेणारा माणूस इतरांइतकंच आयुष्य जगू शकतो. बाटली जिथे होती तिथे ठेवा, मोजू नका, लपवू नका, त्याचे दिवस चुकतील. विचारायचंच असेल तर "हे काय आहे" असं बाटली समोर धरून नको, बॅगेत दिसली म्हणून काळजी वाटली, सांगावंसं वाटलं तर सांग, एवढंच. आणि तो नाही म्हणाला तर नाही.

अशा गोळ्या वाटून तुम्ही तरुण पिढीला बेबंद वागायला परवाना देताय. कंडोम कोण वापरेल मग?

तुमचं पत्र चार पानी होतं, मुद्दा एवढाच. ब्रिटनमध्ये प्राउड अभ्यासात ५४४ जणांचे दोन गट केले, एकाला प्रेप लगेच आणि दुसऱ्याला वर्षभराने. लगेच घेणाऱ्यांत तिघांना एचआयव्ही झाला, वाट बघणाऱ्यांत वीस जणांना, इतका फरक की मधेच सगळ्यांना गोळी द्यायचं ठरलं. आणि इतर गुप्तरोग दोन्ही गटांत सारखेच होते. त्या लोकांचं वागणं आधीपासून होतं तसंच होतं, फक्त वीसच्या जागी तीन. परवान्याबद्दल माझं मत तुम्हाला पटणार नाही, तेव्हा सोडून देते.

माझं वय ५१, बीपीची गोळी चालू आहे, गुडघ्यांसाठी अधूनमधून पेनकिलर घेतो. किडनी खराब होते ऐकलंय. मी प्रेप घ्यावं का?

घेता येईल, पण तपासून. टेनोफोव्हिर किडनीतून बाहेर जातं, काही थोड्या लोकांत क्रिएटिनिन चढतं, गोळी थांबवली की बहुतेकांचं उतरतं. क्रिएटिनिनवरून काढलेला क्लिअरन्स, म्हणजे किडनी रक्त किती साफ करते तो आकडा, ६० च्या वर असेल तर ही गोळी चालते. तरुणांपेक्षा तुमची तपासणी जास्त वेळा, सहा महिन्यांनी धरा. खरी अडचण मला तुमच्या गुडघ्यांची वाटते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या पेनकिलर सलग काही दिवस आणि सोबत टेनोफोव्हिर, हे किडनीला झेपत नाही, तेव्हा अधूनमधून म्हणजे नक्की किती हे डॉक्टरांना खरं सांगा. जिमला जाणाऱ्यांच्या दोन पत्रांतही किडनीचा प्रश्न होता, त्यांच्यासाठी, क्रिएटिनची पावडर घेत असाल तर रिपोर्ट उगाच वाढलेला दिसू शकतो, तेही आधी सांगून ठेवा.

बाकी त्रास म्हणाल तर सुरुवातीचे काही आठवडे मळमळ, डोकेदुखी, गॅस, मग जातं. जेवणानंतर घेतली तर कमी होतं. हाडांची घनता किंचित कमी होते, साधारण एखाद टक्का, सोडल्यावर भरून येते.

दोन वर्षं रोज प्रेप घेतोय. आता एकाच पार्टनरबरोबर आहे, आम्ही दोघांनीही टेस्ट केलीये, निगेटिव्ह आहे. कशी बंद करायची? एकदम सोडली तर काही होतं का?

डोस हळूहळू कमी करायची गरज नसते. शेवटच्या धोक्याच्या संबंधानंतर पुरुषांनी दोन दिवस, बायकांनी सात दिवस घेऊन थांबता येतं. पण दोघांच्या टेस्ट विंडो पिरियड, म्हणजे लागण झाली तरी टेस्टमध्ये दिसत नाही तो काळ, उलटून गेल्यावरच्या आहेत ना ते तारखा लावून बघा, आणि सोडल्यानंतर एकदा टेस्ट परत करा.

फक्त एका बाबतीत एकदम सोडायची नाही, हिपॅटायटिस बी असेल तर. ही गोळी नकळत त्या व्हायरसलाही दाबून ठेवत असते, आणि थांबवली की तो उसळून लिव्हरला सूज आणू शकतो, डोळे पिवळे, लघवी गडद, भूक मेलेली, असं काही दिसलं तर लगेच दवाखाना. सुरू करताना ही टेस्ट झाली होती का ते जुन्या फाईलमध्ये बघा. त्यावर एचबीएसएजी असं लिहिलेलं असतं, समोर निगेटिव्ह असेल तर बिनधास्त थांबा, आणि लस घेतली नसेल तर या निमित्ताने घेऊन टाका. पॉझिटिव्ह असेल किंवा कागदच सापडत नसेल तर आजची गोळी घ्या आणि आधी डॉक्टरांना भेटा.